रंभाबाईच्या घरी झाकलेला ट्रे

मित्रांनो, दिसायला मी अगदी साधा आहे. सागाच्या फळीचा, हातभर लांब, दोन्ही बाजूंना धरायला कान आणि मधोमध चार ओळींत पाडलेली चोवीस भोकं. मला पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा अंडी ठेवायचा ट्रे असावा. एका पाहुण्याने तसं तोंडावर विचारलंही होतं आणि तेव्हा मला फार राग आला होता. आता येत नाही. अंड्यांच्या ट्रेने निदान कोणाला शेवटच्या दिवसांत उपाशी तरी ठेवलेलं नसतं.

माझं लाकूड माझ्याहून कितीतरी म्हातारं. सिद्धगडाच्या अंगाच्या एका गावात ते एका घराची तुळई होतं. घर उतरवलं तेव्हा तुळईचे तुकडे झाले आणि त्यातला एक किन्हवलीच्या रघू सुताराच्या दुकानात भिंतीला टेकून राहिला. सत्तावीस वर्षांपूर्वी एक दिवस धोंडी पाळक सायकल हाणत तिथे आले. पाळक म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीची देखभाल करणारा माणूस. त्यांनी वहीच्या कागदावर चोवीस गोल काढून रघूसमोर धरले.

"ह्यो काय दिव्यांचा हाय का, पाळकसाहेब?" रघूने विचारलं.

"दिव्यांचा नाय, पेल्यांचा. बोटाएवढं काचेचं पेलं ठेवाचे हायत. म्हैन्याच्या पहिल्या रविवारी आमी सगले भाकर तोडतो नि घोटभर रस घेतो."

"घोटभर? मंग प्वाट कसा भरंल?"

"पोटाला नाय रे. प्रभूच्या आठवणीला."

रघूचा देव वेगळा, पण देवाचं काम म्हटलं की हात आखडणारा माणूस तो नव्हता. त्याने एकेक भोक बोटाने आतून चाचपून घासलं, मला दोन वेळा तेल पाजलं आणि उन्हात न ठेवता सावलीत वाळवलं. मला घ्यायला आलेल्या पाळकांना तो म्हणाला, "नीट वापरा. पडून राहिला का साग बी खराब होतो." सुताराचं बोलणं कोण मनावर घेतं?

आमची मंडळी बाप्टिस्ट. किन्हवलीपासून चालत पाऊण तासावर एक पाडा आहे, तिथे पत्र्याच्या छपराची खोली, बाहेर चपला आणि आत फार तर पंचवीस माणसं. आमच्याकडे विधी दोनच. एक बाप्तिस्मा, तोही कळत्या वयाच्या माणसाने स्वतःहून मागितल्यावर, पाण्यात पूर्ण बुडवून. त्यासाठी नदीचा डोह होता. दुसरा प्रभुभोजन, त्यासाठी मी होतो. पहिल्या रविवारी धोंडी पाळक भाकरी तोडायचे, प्रार्थना करायचे आणि मला पहिल्या रांगेच्या हाती द्यायचे. तिथून पुढे मी हातोहात जायचो. शेतावरचे हात, चुलीपुढचे हात, तंबाखूचा वास असलेले हात, एकमेकांशी महिनाभर न बोललेल्या दोन जावांचे हात. शेजाऱ्याने शेजाऱ्याला द्यायचं, हीच पद्धत. पाळकांनी कधी कोणाच्या तोंडात काही घातलं नाही.

भाकरी आणि रस मात्र मंडळीतल्या रंभाबाईचा. द्राक्षं इकडे मिळायची पंचाईत, म्हणून ती शनिवारी संध्याकाळी काळ्या मनुका भिजत घालायची आणि सकाळी उकळून, कुस्करून, धुवट फडक्यातून गाळायची. भाकरी तांदळाची, पातळ, एकही डाग नसलेली. "प्रभूच्या जेवनाला करपलेली भाकर नेऊ का?" असं म्हणून एखादी बिघडलेली ती स्वतः चहाबरोबर खाऊन टाकायची. तिचा धाकटा भाऊ धाकलू हा मंडळीचा सेवक. आठवडाभर तो ग्रामपंचायतीच्या टाकीवरून गावाला पाणी सोडायचा आणि पहिल्या रविवारी माझे चोवीस पेले भरायचा. ओठाच्या खाली एक बोट सोडून, सगळे सारखे. विधी झाला की मला पुसता पुसता तो माझ्याशी बोलायचा. लाकडाशी बोलणारी माणसं असतात, मित्रांनो. त्यांना हसू नका, त्यांचं ऐकणारं दुसरं कोणी नसतं.

त्याच बोलण्यातून मला एक गोष्ट कळली होती. धाकलू आणि रंभा यांचे वडील गावचे भगत. देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे देवांच्या चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या मूर्ती, त्यांच्याशिवाय कोणी हाताळायचे नाहीत असा दंडक. पाच वर्षांच्या धाकलूने एकदा खेळताना एक टाक उचलला. वडिलांनी मारलं नाही, फक्त तीन दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत. आणि त्याच आठवड्यात दावणीची दुभती म्हैस मेली. कोणी त्याला दोष दिला नाही, पण पोराने तो आपणहून घेतला. मोठेपणी दोघा बहीणभावांनी बाप्तिस्मा घेतला, घरातली उपासना बदलली, गाणी बदलली. ती म्हैस मात्र धाकलूच्या मनात तशीच मेलेली पडून राहिली.

चार वर्षांपूर्वी धोंडी पाळक वारले. त्या दिवशी धाकलूने मला पुसलं, बहिणीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली कमरेच्या करगोट्याला. लोक म्हणाले, "धाकलू म्हंजे सोन्यासारखी जपतो वस्तू." ते ऐकून, खरं सांगतो, मला आतून बरं वाटलं होतं. माझ्यावर ओरखडा येत नव्हता, धूळ बसत नव्हती. आपण फार मोलाचे आहोत असं वाटायला आणखी काय लागतं?

कल्याणहून अनिल पाळक यायचे. तरुण, चष्मा लावणारे, चार ठिकाणच्या मंडळ्या एकट्याने बघणारे. ते दोन-तीन महिन्यांतून एकदा आले की पेटी उघडायची. मग गेल्या वर्षी त्यांची स्कूटर घसरली, पायाचं हाड मोडलं, ते लवकर जुळेना आणि पेटी उघडायची थांबली. रविवारची उपासना चालू होती. धाकलू गाणी सांगायचा, शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचा, प्रार्थना करायचा. पण पहिला रविवार आला की कमरेच्या किल्लीला हात लावून म्हणायचा, "पाळकसाहेब येतील तवा." सगळे माना डोलवायचे. असं का, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. पण मी लाकूड आहे, मला तेवढी सूट द्या.

असे आठ महिने गेले आणि रंभाबाईचं पोट फुगायला लागलं. यकृत गेलं होतं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, पाणी काढलं आणि घरी न्यायला सांगितलं. तिची मुलगी नम्रता वाशिंदला कारखान्यात पॅकिंगला होती, ती रजा टाकून आली. धाकलू सकाळी पाणी सोडून झालं की थेट बहिणीकडे यायचा. तिला उठवून बसवायचा, तोंड पुसायचा, चमच्याने पाणी पाजायचा.

पेटी तिच्याच घरात, तिच्या खाटेखाली होती, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

"धाकल्या, पेटी उघडशील का रे?" एका दुपारी ती म्हणाली.

"कशाला गो, बाय?"

"सगल्यांबरोबर एकदा बसाचा हाय मला. भाकर तोडाची हाय. आता पुढचा पहिला रविवार काय माझ्या वाट्याला येत नाय."

धाकलू म्हणाला, "पाळकसाहेबांना फोन लावतो."

त्याने लावला. मी ऐकत होतो. त्याने विचारलं, "कवा येताय?" पलीकडून सांगितलं असणार की प्लास्टर आहे, रविवारी कोणी गाडीने सोडलं तर प्रयत्न करतो. धाकलू "बरा, बरा" म्हणाला आणि फोन ठेवला. बहीण मरायला टेकली आहे, हे त्याच्या तोंडून निघालंच नाही. पाय मोडलेल्या माणसाला कशाला घोर लावायचा, असं त्याला वाटलं. आणि दुसरा प्रश्न तर त्याच्या मनातही आला नाही. तो नम्रताच्या मनात आला.

"मामा, त्यांना इचार ना, आपन केला तर चालंल का?"

"आपन म्हंजे कोन?"

"तू. मंडळी बसंल आन् तू भाकर तोड."

"पाळक नेमताना ठेवतात तसं माझ्या डोक्यावर कोनी हात ठेवलेत का? धोंडी पाळकांवर ठेवले व्हते, अनिल पाळकांवर ठेवले. अभिषेकाचा हात लागतो त्याला."

"कुठं लिव्हलंय तसा? तूच तर रांगेत ट्रे देतोस. आमीच एकमेकांना देतो. मंग पहिला हात तेवढा येगला कसा? थांब, मीच फोन करते."

"नम्रता!" धाकलूचा आवाज चढला. तो कधी चढत नसे. "मंडळीचा सेवक मी हाय का तू? म्हातारीच्या जिवावर काय वंगाल आला म्हंजे?"

नम्रताने फोन खाली ठेवला. त्या न केलेल्या एका फोनचं तिला आजही वाईट वाटतं. पण मामाच्या डोळ्यांत तिला तेव्हा राग दिसला. मला लुगड्यातूनही तिथे भीतीच दिसत होती. पंचावन्न वर्षांपूर्वीची म्हैस या घरात पुन्हा मरेल, आणि या वेळी ती म्हैस नसेल, असं त्याला वाटत होतं.

रविवार आला. रंभाबाईने शनिवारीच नम्रताकडून मनुका भिजवून घेतल्या होत्या. खाटेवरून सांगत होती, "जास्त उकलू नको, कडू होतो. फडका दोनदा पिल." उपासना झाल्यावर मंडळी तिच्याच घरी आली. धाकलू आणि रंभाबाई सोडून, नम्रता धरून, अकरा माणसं उरली होती. आत मावली तेवढी आत, बाकीची ओटीवर. धाकलूने आठ महिन्यांनी कुलूप काढलं. मला पाटावर ठेवलं, पेले पुसले, रस भरला. ओठाच्या खाली एक बोट सोडून. तांदळाची भाकरी शेजारच्या ताटलीत. रंभाबाईला उशांना टेकवून बसवलं होतं आणि तिने केस विंचरून घेतले होते. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतका भरलेला कधी नव्हतो.

मग सगळे वाट बघू लागले. अकरा वाजले, बारा वाजले. मुरबाडकडची एसटी आली आणि गेली. प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला धाकलू दारात जायचा. एकाने गाणं सुरू केलं, ते संपलं. दुसरं सुरू झालं, तेही संपलं. पेल्यांवर माशा यायला लागल्या. दीड वाजता फोन वाजला. पाय सुजला, निघता आलं नाही, पुढच्या रविवारी नक्की.

रंभाबाईने सगळं ऐकलं. "तो येल तवा येल, धाकल्या. तू दे."

"बाय, माझा हात नाय गो त्याला."

"तुझ्या हाताला काय झाला? ह्याच हातानं मला पानी पाजतंस."

"पानी येगला. ह्यो येगला."

घरात अकरा माणसं होती. कोणी भिंतीकडे बघत होतं, कोणी जमिनीकडे. धाकलूने पांढरं फडकं घेतलं आणि मला झाकलं. किती हळू झाकलं! जसं काही मला लागेल. मला असं वाटलं की दोन्ही कानांनी धरून स्वतःला उचलावं आणि त्या खाटेपाशी जावं. पण ट्रे स्वतःहून चालत नाही, आणि त्या घरात चालता येणाऱ्यांपैकीही कोणी चाललं नाही.

रंभाबाई फडक्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरा. पोरांना पिऊन टाका सांग. मनुकांचा हाय, वाया नको."

कोणाची प्यायची छाती झाली नाही. नम्रताने रस पातेल्यात परत ओतला. सकाळपर्यंत तो आंबला. मंगळवारी उजाडता उजाडता रंभाबाई गेली.

दफन धाकलूनेच केलं. शास्त्र वाचलं, प्रार्थना केली, पहिली मूठ माती टाकली. त्याला पाळक लागतो की नाही, हे त्याने त्या दिवशी विचारलं नाही. मेलेल्या माणसाला पेटीत घालून पाळकांची वाट बघत थोडंच ठेवता येतं?

पुढच्या रविवारी अनिल पाळक कुबडी घेऊन आले, तेव्हा रंभाबाईच्या खाटेवर घडी केलेली गोधडी होती. नम्रताने त्यांना सगळं सांगितलं. ते धाकलूच्या शेजारी खालीच बसले; मोडक्या पायाने बसायला त्यांना त्रास झाला, तरी बसले.

"धाकलूदादा, तुम्ही मला एकदा विचारायचं होतं."

"काय इचारनार? मला म्हाईत व्हता ना."

"काय माहीत होतं?"

"का पाळकाचाच हात लागतो."

"दादा, माझ्या हातात तुमच्या हातापेक्षा वेगळं काही नाही. मंडळीने मला नेमलं म्हणून मी भाकरी तोडतो. पाळक असला तर त्यानेच द्यावं, ही चांगली व्यवस्था आहे. काही बाप्टिस्ट मंडळ्या तर पाळकाशिवाय भोजन ठेवतच नाहीत, तसं त्यांनी ठरवलेलं असतं. पण तुमच्या मंडळीने असं कधी ठरवलं होतं का? पाळक नसला तर मंडळीने एकत्र बसावं, हात वर करावेत आणि आपल्यातल्या एका विश्वासू माणसाला सांगावं, तू दे. एवढंच लागतं. पाच मिनिटांचं काम होतं."

धाकलूने वर बघितलं. "तिचा तिकडं काय अडला का?"

"काही अडलं नाही. तारण, आत्म्याची सुटका, या भोजनावर नसते. ती आधीच प्रभूची होती."

"मंग माझ्या पोटात का जलते?"

अनिल पाळकांनी चष्मा काढला. "कारण तिने तारण मागितलंच नव्हतं, दादा. तिने आपल्या माणसांत बसून जेवायला मागितलं होतं."

मित्रांनो, धाकलू रडला. साठीचा माणूस, पाण्याच्या टाकीवर चढून वाल्व फिरवणारा, तो गुडघ्यांत डोकं घालून लहान पोरासारखा रडला. नम्रता त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. त्याच्यावर रागवायचं तिने ठरवलं होतं, पण तिला ते जमलं नाही.

मग पाळकांनी मंडळीला विचारलं की आपण नसताना प्रभुभोजन कोणी द्यावं. मंडळीतली वत्सलाबाई म्हणाली, "धाकलूदादाच." एक हात वर गेला, दुसरा गेला, ओटीवरचे गेले, नम्रताचाही गेला. पाळक मोठ्याने मोजत होते. अकरा.

धाकलू त्या हातांकडे बघत होता. आता तो हो म्हणेल, असं सगळ्यांना वाटलं.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "ह्ये अकरा हात त्या रविवारी बी ह्याच घरात व्हते."

कोणाचाही हात पटकन खाली आला नाही. मग एकेक करून, कोणाकडे न बघता, सगळे खाली आले.

त्या दिवशी भाकरी त्यानेच तोडली. नम्रताने केलेली, जाडसर, एका कडेला करपलेली. मला उचलताना त्याने एक कान आधी वर केला आणि रस सांडून माझ्या लाकडात मुरला. तो डाग अजून आहे आणि तो कोणी घासून काढू नये, असं मला वाटतं.

आता मी पेटीत नसतो. खोलीतल्या फळीवर उघडा असतो. माझ्यावर धूळ बसते, परवा एक पालही चालून गेली, आणि माझा डावा कान जरा ढिला झाला आहे. पाड्यावर कोणी अंथरुणाला खिळलं की मंडळी मला काखेत मारून त्याच्या घरी निघते, पहिला रविवार असो वा नसो. मंडळीने नेमलेला धाकलू पुढे असतो. त्याला बरं नसेल, तर त्याच्या जागी कोण, तेही हात वर करून आधीच ठरलं आहे. लोक म्हणतात, आता सगळं छान झालं. मी तसं म्हणणार नाही. एका म्हातारीने सव्वीस वर्षं सगळ्यांसाठी भाकरी भाजली आणि तिला हवी होती तेव्हा ती तिच्यापासून चार हातांवर झाकलेली होती. त्यानंतर जे काही छान झालं, ते तिच्यासाठी झालेलं नाही.

जुन्या वस्तू आपलं आयुष्य सांगून झालं की तुम्हाला हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा. मी उलटं मागतो आहे. मला जपू नका. मला ओरखडे पडू द्या, मला सांडू द्या, मला नवशिक्या हातांत द्या. तुमच्याही घरात काहीतरी फार पवित्र, फार मोलाचं म्हणून कुलपात असेल आणि कोणी खाटेवरून ते मागत असेल. ते उघडायला कोणाचा हात लागतो, हे आपल्याला माहीतच आहे असं धरून चालू नका. विचारा. आणि आजच विचारा, माणूस मंगळवारी जातो.